उत्तरापलीकडचं इंग्रजी

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते जून 2000 मध्ये. तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे यांच्या त्या निर्णयावर तेव्हा बराच वाद झाला. पण त्यामागचा विचार न्याय्य होता. शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलाच्या कानावर जी भाषा पहिल्या दिवसापासून पडते, तिच्यासाठी जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलाला पाचवीपर्यंत थांबावं लागू नये, एवढंच त्यात होतं. आज भोर-वेल्ह्यात पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलं-मुली त्या निर्णयानंतर जन्मलेली आहेत. शाळेची बारा वर्षं आणि पदवीची तीन, अशी पंधरा वर्षं इंग्रजी त्यांच्या वेळापत्रकात राहिलं.

ही मुलं बिनइंग्रजीची मुळीच नाहीत. ती इंग्रजीत अर्ज लिहितात, पेपर सोडवतात, मोबाइलवरच्या सूचना वाचतात, क्रिकेटचं समालोचन समजून घेतात. मुलाखतीची तयारीही करतात. शिरवळच्या औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यात असो की हिंजवडीतल्या कार्यालयात, ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ हा पहिला प्रश्न येणार हे त्यांना ठाऊक असतं आणि त्याचं उत्तर तोंडपाठ असतं. नाव, गाव, शिक्षण, छंद, ध्येय. इथपर्यंत सगळं सुरळीत चालतं. मग समोरचा माणूस सहज विचारतो, ‘तुम्ही वेल्ह्याचे ना? पावसाळ्यात रोज पुण्याला कसे याल?’ या प्रश्नाचं उत्तर मुलाला स्वतःच्या तळहातासारखं माहीत असतं. तरीही तो थांबतो, कारण हा प्रश्न पाठांतराच्या वहीत नव्हता.

आपल्या ग्रामीण महाविद्यालयांतल्या इंग्रजीचं दुखणं या दुसऱ्या प्रश्नापाशी आहे. पहिल्या प्रश्नाची तयारी शिकवणीचे वर्ग करून घेतात, ‘फाडफाड इंग्रजी’ची जाहिरात करतात आणि तीस-चाळीस वाक्यं घोकून घेतात. दुसऱ्या प्रश्नाची तयारी घोकून होत नाही. ती महाविद्यालयाच्या वर्गातच होऊ शकते आणि ती करायची तर वर्गात कोणी बोलायचं, कोणी विचारायचं, चूक-बरोबर कोणी ठरवायचं, हे सगळं बदलावं लागेल, असं मला मांडायचं आहे.

मधलीच पायरी

वर्गातल्या बोलण्याचा अभ्यास करणाऱ्या जॉन सिंक्लेअर आणि माल्कम कूल्टहार्ड यांनी 1975 साली एक साचा नोंदवला. शिक्षक विचारतो, विद्यार्थी उत्तर देतो, शिक्षक त्या उत्तरावर शेरा देतो. जगभरच्या वर्गांत हे तीन टप्पे पुन्हा पुन्हा दिसतात. आपल्याकडे ते वेगळे दाखवायचीही गरज नाही, कारण शाळा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हेच येतं. आता विद्यार्थ्याच्या बाजूने पाहा. पंधरा वर्षं त्याच्या वाट्याला तीनपैकी फक्त मधली पायरी आलेली असते. विषय त्याने कधी काढलेला नसतो. शिक्षकाला खरोखर माहीत नसलेली गोष्ट त्याला कधी कोणी विचारलेली नसते. ‘सर, हे मला पटत नाही’ असं तो इंग्रजीत कधी म्हणालेला नसतो. मराठीतही वर्गात क्वचितच.

संभाषण मात्र उरलेल्या दोन पायऱ्यांवर उभं असतं. आपण विषय काढतो, दुसऱ्याच्या बोलण्याला धरून पुढचा प्रश्न विचारतो, नीट कळलं नाही तर थांबवतो, पटलं तर दुजोरा देतो, नाही पटलं तर कारण देऊन बाजूला होतो. युरोपीय परिषदेने 2001 मध्ये भाषा-क्षमतेच्या पातळ्यांची जी चौकट प्रसिद्ध केली, तीही वरच्या पातळीवर हेच मागते. आयत्या वेळी सहजपणे बोलता यावं, आपलं म्हणणं इतरांच्या म्हणण्याशी जोडता यावं, चर्चा पुढे नेता यावी. लंडनच्या माणसासारखा उच्चार किंवा जाडजूड शब्द हे तिथे वरच्या पातळीचं लक्षण धरलेलं नाही. म्हणून प्रगत इंग्रजी संभाषण शिकवायचं म्हणजे विद्यार्थ्याला विचारण्याची, अडवण्याची आणि असहमत होण्याची भाषा द्यायची. ती भाषा वापरण्याचा अधिकारही त्याच वर्गात द्यायचा. अधिकाराशिवाय दिलेली भाषा वहीतच राहते.

भोरच्या बाजारात भाव करणारी, एसटीत जागेवरून वाद घालणारी, ग्रामसभेत मागच्या रांगेतून सरपंचाला टोकणारी हीच मुलं आहेत. बोलण्याची पाळी कधी घ्यायची, समोरच्याचं वाक्य कुठे संपणार आहे, हे त्यांना मराठीत अचूक कळतं. हार्वी सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन यांनी 1974 मध्ये दाखवून दिलं की, बोलण्याच्या पाळ्या फार थोड्या खंडाने बदलतात आणि ऐकणारा समोरच्याचं वाक्य संपण्याआधीच ते कुठे संपेल याचा अंदाज घेत असतो. इंग्रजीत आपला विद्यार्थी नेमका इथे मागे पडतो. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. मराठी वाक्य घ्यायचं, त्याचं इंग्रजी करायचं. लेखनासाठी ती रीत उपयोगी पडली. संभाषणात मात्र मनातल्या मनात भाषांतर होईपर्यंत पाळी निघून जाते. मग मुलगा गप्प बसतो आणि ऐकणारा समजतो की त्याला सांगण्यासारखं काही नाही.

व्याकरण बरोबर, बोलणं खटकणारं

आणखी एक अडचण व्याकरणाच्या पुस्तकात सापडत नाही. मराठीत आदर क्रियापदाच्या रूपातच असतो. ‘जरा तो फॉर्म द्या’ म्हटलं की पुरे. ‘द्या’मध्ये मान आलेला असतो. विद्यार्थी तेच इंग्रजीत ‘गिव्ह मी द फॉर्म’ म्हणतो. वाक्य शुद्ध आहे, पण ऐकणाऱ्याला हुकूम वाटतो. इंग्रजीत तो मान ‘कुड यू’, ‘वुड यू माइंड’, ‘आय वॉज वंडरिंग’ अशा आडवळणाने येतो. नकारार्थी प्रश्नाचंही असंच. ‘तू काल आला नाहीस का?’ याला आपण ‘हो, नाही आलो’ म्हणतो. आपण समोरच्याच्या म्हणण्याला होकार देत असतो. इंग्रजीत तिथे ‘नो’ लागतं. ‘यस’ म्हणणाऱ्या मुलाबद्दल समोरच्याचा उलटाच समज होतो आणि हे कशामुळे झालं ते दोघांनाही कळत नाही.

असहमतीचं तर याहून नाजूक. मराठीत जवळच्या माणसाला ‘छे, असं कुठे असतं?’ म्हणता येतं आणि त्यात आपुलकीही असते. इंग्रजीत कामाच्या ठिकाणी आधी समोरच्याच्या मुद्द्याची दखल घ्यायची, मग आपला वेगळा मुद्दा ठेवायचा, असा शिरस्ता आहे. ‘आय सी युवर पॉइंट, बट...’ हे शिकवावं लागतं. ‘सॉरी, आय डिडन्ट गेट दॅट’ हेही शिकवावं लागतं, कारण न कळल्याचं सांगणं आपल्या वर्गात अपमानाचं मानलं जातं. बारीकसारीक वाटणाऱ्या या गोष्टी मुलाखतीत, बैठकीत, फोनवर माणसाची किंमत ठरवतात. इंग्रजी माध्यमातल्या मुलाला त्या घरात, मित्रांत, आपसूक मिळतात. वेळवंडी किंवा गुंजवणीच्या खोऱ्यातल्या मुलीला त्या महाविद्यालयाने दिल्या नाहीत तर कुठेच मिळणार नाहीत.

बोलायला विषय आहेत

संभाषणाच्या पाठ्यपुस्तकांत विमानतळ, हॉटेलातलं जेवण, सुट्टीचं नियोजन असे प्रसंग असतात. ज्याने विमानतळ पाहिलेला नाही त्याला तिथे बोलायला लावलं की भाषेची अडचण आणि अनुभवाची अडचण एकत्र येतात. उलट ज्या विषयात विद्यार्थ्याला शिक्षकापेक्षा जास्त कळतं, तिथून सुरुवात केली तर तो बोलण्यासाठी धडपडतो.

एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात दक्षिण भारतातल्या साध्या शाळांत ‘बंगलोर प्रकल्प’ चालवला. भाषेच्या रचना क्रमाने शिकवण्याऐवजी त्यांनी मुलांना सोडवायला कामं दिली. नकाशे, रेल्वेची वेळापत्रकं, त्यांवरून काढायचे निष्कर्ष. मन अर्थात गुंतलं की रचना अंगवळणी पडतात, असा त्यांचा विश्वास होता. आज जगभर कार्याधारित भाषाशिक्षणाची चर्चा होते, तेव्हा या प्रकल्पाचं नाव घ्यावंच लागतं. तो आपल्याच देशातल्या, आपल्यासारख्याच वर्गांतून उभा राहिला, हे आपण विसरलो आहोत.

वेल्ह्यात रेल्वे नाही, पण एसटी आहे आणि पुण्याला जायला दोन वाटा आहेत. एक पाबे घाटाने खानापूरकडून, दुसरी मार्गासनी-नसरापूरमार्गे महामार्गावर. जुलैच्या पावसात सकाळी नऊला पुण्यात पोचायचं तर कोणती वाट घ्यावी? पहिल्या गटाने घाट घ्यावा, दुसऱ्याने महामार्ग, तिसऱ्याने दोघांना प्रश्न विचारून निर्णय द्यावा. इथे कोणाचंही उत्तर आधी ठरलेलं नाही. भोरच्या मुलांसाठी वरंध घाट आहे. पावसाळ्यात तो अनेकदा वाहतुकीला बंद असतो. तो बंद ठेवावा की नाही, यावर महाडला मुलगी दिलेल्या घराचं मत एक असतं आणि दरडीखाली अडकलेल्या गाडीवानाचं दुसरं.

याहून खोल विषय पाण्याचा. भाटघर धरण 1928 साली पूर्ण झालं. ते भोर तालुक्यात आहे, पण त्याचं पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणच्या शेतांना जातं. पानशेतचं पाणी खडकवासल्यातून पुणे शहर पितं. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा पुण्यात काय झालं हे सगळ्यांना माहीत आहे. धरणाच्या पोटात गेलेल्या गावांची गोष्ट मात्र या तालुक्यांतल्या घराघरांत सांगितली जाते आणि बाहेर फारशी जात नाही. ज्या मुलीच्या पणजोबांची जमीन पाण्याखाली गेली, तिला ‘या पाण्यावर पहिला हक्क कोणाचा?’ असं इंग्रजीत विचारून बघा. तिच्यापुढे पुणेकराची किंवा बारामतीच्या शेतकऱ्याची बाजू मांडणारा विद्यार्थी बसवा. दोघांनी एकमेकांचं म्हणणं आधी आपल्या शब्दांत सांगायचं आणि मगच उत्तर द्यायचं, एवढा एक नियम ठेवा. अटी घालणं, सवलत देणं, शंका घेणं, तडजोड सुचवणं, या सगळ्या रचना तिथे गरजेपोटी लागतात. गरज पडली म्हणून वापरलेली रचना लक्षात राहते.

तिसरा विषय राजगडाचा. वेल्हे तालुक्याला आता राजगडाचंच नाव मिळालं आहे आणि जुलै 2025 मध्ये मराठ्यांच्या 12 किल्ल्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला, त्यात राजगड आहे. या गडाबद्दल बाहेरच्या जगाशी कोणी बोलायचं? पायथ्याच्या गावातल्या मुला-मुलींनीच बोललं पाहिजे. संजीवनी माचीचे चिलखती बुरूज परक्या माणसाला समजावून सांगायचे तर ‘चिलखती’ला तयार इंग्रजी शब्द हाताशी नसतो. मग विद्यार्थ्याने काय करावं? भिंतीच्या आत दुसरी भिंत, दोघींमध्ये माणूस उभा राहील एवढी जागा, बाहेरची पडली तरी आतली लढत राहील, असं साध्या शब्दांत सांगावं. मायकेल कॅनाल आणि मेरिल स्वेन यांनी 1980 मध्ये भाषिक क्षमतेचे घटक सांगितले, तेव्हा शब्द अडला असताना वाट काढण्याची ही हातोटी स्वतंत्र क्षमता म्हणून नोंदवली. शब्दकोशातला अवघड शब्द पाठ असण्यापेक्षा ही हातोटी मोठी आहे आणि ती सरावाने येते.

हसण्याची भीती

वर्गात कोणी इंग्रजी बोलायला लागलं की मागून खसखस पिकते. बहुतेक वेळा ती उच्चारावर असते. मराठी माणसाच्या इंग्रजी उच्चारांचा शास्त्रीय अभ्यास अशोक केळकर यांनी 1957 मध्येच मांडला होता. आपले उच्चार आपल्या भाषेच्या ध्वनिव्यवस्थेतून नियमाने येतात. त्यात गावंढळपणा नाही की आळस नाही. पुढे 1969 मध्ये आर. के. बन्सल यांनी भारतीय इंग्रजी परक्यांना कितपत समजतं याचा अभ्यास केला, तेव्हा शब्दातल्या चुकीच्या अवयवावर पडणारा आघात हे न समजण्याचं मोठं कारण असल्याचं दिसलं. शिक्षकाने यातून घ्यायचं ते हे की, आघात आणि लय यांवर मेहनत घ्यावी आणि बाकी मराठी वळण सुखाने राहू द्यावं. इंग्रजी बोलताना आपण भोरचे आहोत हे कळलं तर त्यात लपवण्यासारखं काही नाही.

ही भीती मुलींना जास्त भोवते. मुलगा चुकला तर मित्र हसतात. मुलगी बोलली तर ती ‘फार शहाणी’ ठरते, मग चुको वा न चुको. म्हणून मोठ्या वर्गासमोर उभं करून बोलायला लावणं हा या कामाचा आरंभ असू नये. तिघा-तिघांच्या गटात, एक बोलणारा, एक विचारणारा आणि एक टिपण घेणारा, अशा पाळ्या लावाव्यात. शिक्षकाने मध्येच चूक काढू नये. गटागटांतून फिरत टिपून घ्यावी आणि शेवटी कोणाचंही नाव न घेता फळ्यावर मांडावी. ज्या विद्यापीठाशी इथली महाविद्यालयं संलग्न आहेत, त्याला 2014 पासून सावित्रीबाईंचं नाव आहे. ‘काव्यफुले’ या 1854 च्या संग्रहात सावित्रीबाईंनी इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला होता. ज्यांना बोलू दिलं जात नव्हतं, त्यांनी जगाशी बोलावं हा त्यामागचा विचार होता. इंग्रजीच्या तासाला मुली गप्प बसत असतील तर तो आग्रह अजून पुरा झालेला नाही.

आक्षेप

पहिला आक्षेप शिक्षकांचाच असतो. मुलांना साधं वाक्य नीट लिहिता येत नाही, आधी पाया पक्का करू, संभाषण नंतर. हे म्हणणं प्रामाणिक आहे, पण पंधरा वर्षं पायाच भरूनही भिंत उभी राहिलेली नाही. कॅनडात फ्रेंच माध्यमात शिकणाऱ्या इंग्रजी भाषक मुलांचा अभ्यास करून स्वेन यांनीच 1985 मध्ये दाखवलं की, वर्षानुवर्षं भाषा ऐकून-वाचून मुलांची समज उत्तम झाली, तरी बोलणं आणि लिहिणं मागे राहिलं. मुलांवर बोलण्याची पाळी पुरेशी आली नाही, हे त्यांनी सांगितलेलं कारण. व्याकरणातली फट बोलताना विद्यार्थ्याला स्वतःला जाणवते आणि त्या क्षणी शिकवलेला नियम रुजतो.

दुसरा आक्षेप मराठीच्या बाजूने येतो आणि त्याचा मी आदर करतो. इंग्रजीचं एवढं कौतुक केलं तर मराठीचं काय? पण इथे सुचवलेली रीत मराठीला बाजूला सारत नाही. पाण्याच्या वादाची तयारी मुलांनी आजीशी मराठीत बोलून करायची आहे. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारायचं आहे, तलाठ्याकडून माहिती घ्यायची आहे. इंग्रजीत प्रश्न विचारायला शिकलेला मुलगा मराठीतही प्रश्न विचारू लागतो. मराठीवर गदा येते ती इंग्रजी हे मोठेपणाचं आणि मराठी हे कमीपणाचं लक्षण मानल्यामुळे. आपल्या गडाबद्दल, आपल्या पाण्याबद्दल इंग्रजीत ठामपणे बोलणारा विद्यार्थी हा समज मोडतो.

तिसरा आक्षेप नवा आहे. मोबाइलवर आता यंत्राशीच इंग्रजी बोलता येतं, मग वर्ग कशाला? एकट्याने सराव करायला ते साधन चांगलं आहे, ते थकत नाही आणि हसत नाही. ते जरूर वापरावं. मात्र त्याच्याशी बोलताना काही पणाला लागलेलं नसतं. समोर बसलेल्या वर्गमित्राचं मत बदलणं, त्याला न दुखावता त्याची चूक दाखवणं, गप्प बसलेल्या तिसऱ्याला बोलतं करणं, हे माणसांमध्येच शिकता येतं.

परीक्षेपासून सुरुवात

चौथा आक्षेप वेळेचा आणि परीक्षेचा आहे आणि खरी अडचण तीच आहे. जे परीक्षेत नाही ते वर्गात टिकत नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या आराखड्यात भाषिक क्षमतेच्या अभ्यासक्रमांना श्रेयांक मिळतात. अंतर्गत मूल्यमापन महाविद्यालयाच्या हातात असतं. तिथे लेखी चाचणी किंवा पाठ केलेलं भाषण घेण्याऐवजी तिघांची दहा मिनिटांची चर्चा घ्यावी. साठ विद्यार्थी असतील तर वीस गट होतात, म्हणजे दोनशे मिनिटं. सत्राच्या कामात एवढा वेळ निघतो. विषय आयत्या वेळी द्यावा आणि तो तालुक्यातला असावा. ऐकायला भूगोलाचे किंवा अर्थशास्त्राचे प्राध्यापक बसवावेत, म्हणजे मुलांना खरोखर काही समजावून सांगावं लागेल.

गुण कशाला द्यायचे हे आधी फळ्यावर लिहून ठेवावं. दुसऱ्याच्या बोलण्यातून निघालेला प्रश्न विचारला का? न कळलेलं न लाजता पुन्हा विचारलं का? असहमती कारणासह मांडली का? शब्द अडला तेव्हा वाट काढली का? गप्प बसलेल्या सोबत्याला चर्चेत ओढलं का? या पाच गोष्टींना गुण मिळू लागले की पुढच्या सत्रात मुलं त्यांची तयारी करतील, कारण आपली मुलं परीक्षेची तयारी मनापासून करतात. आजवर आपण त्यांच्याकडून उत्तरं मागितली आणि त्यांनी ती पाठ केली. आता प्रश्न मागायला हवेत.

याला नवी इमारत लागत नाही, भाषा प्रयोगशाळेची यंत्रं लागत नाहीत, बाहेरचा तज्ज्ञही लागत नाही. लागते ती शिक्षकाची एक तयारी. आपल्या वर्गातल्या मुलाने आपल्याला इंग्रजीत अडवलं, ‘सर, आय डोन्ट अॅग्री’ म्हणून कारण सांगितलं, तर त्याला पूर्ण गुण द्यायची. हे ज्या वर्गात घडेल, त्या वर्गातून बाहेर पडणारा विद्यार्थी मुलाखतीतल्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर तर देईलच, पण नोकरीच्या अटींबद्दल स्वतःचाही एक प्रश्न विचारून येईल. प्रगत इंग्रजी संभाषणाचं शिक्षण मी त्यालाच म्हणेन.